गुठळी काढताना काय बिघडू शकते

आमच्या कोल्हापूरकडे पक्षाघाताला अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असेच म्हणतात. चंदगडच्या टोकाहून रुग्ण शहरात पोहोचेपर्यंत काही तास सरलेले असतात, आणि मेंदूची मोठी धमनी रक्ताच्या गुठळीने बंद असेल तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरत असतात. त्या घाईत नातेवाइकांपुढे ही गुठळी काढण्याचे संमतीपत्र येते आणि ‘मेंदूत रक्तस्राव’ या शब्दांपाशी हातातले पेन थांबते. हे शब्द नीट उलगडून सांगण्याइतका वेळ काढायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, तारेच्या आधाराने मेंदूपर्यंत नेतात आणि जाळीदार स्टेंटमध्ये अडकवून किंवा शोषून घेऊन गुठळी बाहेर काढतात. जेथे हे काम चालते ती धमनी जेमतेम तीन मिलिमीटर रुंद, वळणावळणाची आणि पातळ भिंतीची असते. तारेचे टोक भिंतीतून आरपार गेले तर मेंदूभोवती रक्त साचते. असे क्वचितच घडते, पण घडले तर जिवावर बेतते. ओढताना गुठळीचा तुकडा सुटून पुढच्या बारीक फांदीत किंवा शेजारच्या निरोगी वाहिनीत अडकण्याचा धोकाही असतो, म्हणून अनेकदा मानेतील धमनीत फुगा फुगवून रक्तप्रवाह तेवढ्यापुरता रोखून धरतात.

मात्र ज्या रक्तस्रावाची सर्वांना धास्ती असते, तो बहुतेकदा तारेमुळे होतच नाही. रक्ताविना राहिलेल्या भागातील केशवाहिन्या आधीच कच्च्या झालेल्या असतात आणि रक्त परतले की त्या पाझरू लागतात; जितका उशीर, तितका हा धोका अधिक. या उपचाराच्या रुग्णांवर घेतलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा प्रकृती बिघडवणारा रक्तस्राव गुठळी काढलेल्यांपैकी 4.4 टक्के रुग्णांत, तर ती न काढता नेहमीचे उपचार केलेल्यांपैकी 4.3 टक्के रुग्णांत आढळला.

सगळे सुरळीत पार पडले, तरी नळी जिथून घातली त्या जांघेकडे दुर्लक्ष होता कामा नये. पाय सरळ ठेवायला सांगितलेला रुग्ण भ्रमात तो दुमडतो आणि पट्टीखाली लिंबाएवढी सूज येते. कधी रक्त आतल्या आत पोटामागे साचते, तेव्हा कंबर दुखते, घाम फुटतो, रक्तदाब उतरतो. वाचा गेलेला रुग्ण यातले काहीच सांगू शकत नाही, म्हणून रात्री उशाशी बसलेल्या माणसाने अधूनमधून चादर बाजूला करून ती पट्टी पाहावी, पाऊल गार पडले आहे का हे हाताने चाचपावे, आणि शंका येताच सिस्टरांना हाक मारावी.