पर्सनिफिकेशन की अपॉस्ट्रॉफी?

इंग्रजीच्या फिगर्स ऑफ स्पीचमध्ये, म्हणजे अलंकारांमध्ये, सिमिली (उपमा) आणि मेटाफर (रूपक) यांपाशी मुलं फारशी अडकत नाहीत. घोळ होतो तो पर्सनिफिकेशन आणि अपॉस्ट्रॉफीत. पर्सनिफिकेशन म्हणजे आपली चेतनगुणोक्ती, ती मराठीच्या तासाला झालेली असते. अपॉस्ट्रॉफीला शाळेतल्या अलंकारांच्या यादीत जोडी नाही, त्यामुळे तारा, वारा, समुद्र दिसला की मुलं डोळे झाकून पर्सनिफिकेशन लिहून मोकळी होतात.

खरं तर ओळीला दोन वेगवेगळे प्रश्न विचारायला हवेत. ती वस्तू माणसासारखं काही करते का? मग पर्सनिफिकेशन. कवी तिच्याशी थेट बोलतो का? मग अपॉस्ट्रॉफी. (शब्दात वर लागणाऱ्या त्या खुणेचा इथे काही संबंध नाही.)

वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्स माना डोलावत नाचतात: 'टॉसिंग देअर हेड्स इन स्प्राइटली डान्स'. इथे कवी फुलांबद्दल आपल्याला सांगतोय, फुलांशी बोलत नाही. म्हणून निव्वळ पर्सनिफिकेशन. याच कवीने 1802 मध्ये 'मिल्टन! दाऊ शुडस्ट बी लिव्हिंग ॲट धिस अवर' (मिल्टन, तू या घडीला हवा होतास) अशी हाक मारली, तेव्हा कवी मिल्टनला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती. मिल्टन मुळातच माणूस, त्याला मानवी गुण काय चिकटवणार? पण जो समोर नाही, त्याला उद्देशून बोलणं आहे, म्हणून अपॉस्ट्रॉफी. दोन्ही अलंकार वेगळे आहेत हे पटवायला माझ्या मते याहून चांगलं उदाहरण नाही. 'ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार'मध्येही ताऱ्याला हाक आहे, पण तारा फक्त लुकलुकतो. तिथे मी अपॉस्ट्रॉफीच लिहीन.

दोन्ही एकत्र कसे येतात ते 'सागरा प्राण तळमळला'मध्ये पाहा. सावरकर समुद्राला 'ने मजसी ने' म्हणतात, ही अपॉस्ट्रॉफी. पुढे 'या फेनमिषें हससि निर्दया कैसा' येतं. फेस हेच हसणं, वर निर्दयपणाचा ठपका, म्हणजे समुद्र आता माणसासारखा वागू लागला. बोलणं चालूच आहे, त्यात पर्सनिफिकेशनही आलं.

जॉन डनची 'डेथ, बी नॉट प्राउड' ही ओळही याच जातीची. मृत्यूला संबोधलंय आणि गर्व ही माणसाची भावना त्याला दिलीय. कृतिपत्रिकेत अलंकार ओळखून स्पष्ट करायला सांगितलं तर यातला कोणताही लिहा, पण स्पष्टीकरण त्याचंच द्या. वर पर्सनिफिकेशन लिहून खाली 'कवी मृत्यूशी बोलतो' हे कारण दिलं, तर ते अपॉस्ट्रॉफीचं झालं. तिथे 'मृत्यूला गर्विष्ठ म्हटलं आहे' हेच यायला हवं.