लाख, लेथ आणि लहान मुलांची खुर्ची

लेथवर गरगर फिरणाऱ्या लाकडी दांड्याला कारागीर रंगीत लाखेची कांडी टेकवतो. पहिले एक-दोन क्षण काहीच होत नाही. मग कांडीचं टोक ओलसर दिसायला लागतं आणि लाकडावर रंगाचा पट्टा उमटत जातो. ब्रश नाही, थिनर नाही, वाळत घालणं नाही. मग तो केतकीचं पान दुमडून त्याच पट्ट्यावर दाबतो. जाड-पातळ झालेला थर सारखा होतो आणि चकाकी येते. कर्नाटकात चन्नपट्टणला आणि आंध्रात एटिकोप्पाकाला हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. गुजरातेत संखेड्याला लाखेचे पाळणे आणि झोपाळेही बनतात.

बाहुल्या आणि भोवऱ्यांसाठी ओळखली जाणारी ही कला आता मुलांच्या खोलीत शिरते आहे: स्टूल, पाळण्याचे गज, कपडे अडकवायच्या खुंट्या, दिव्याची बैठक, पांगुळगाडा. जाहिरातीत बहुतेक वेळा एकच वाक्य असतं, ‘नैसर्गिक, म्हणून सुरक्षित’. मला हे वाक्य अर्धवट वाटतं. लाखेत खरोखर मोठे गुण आहेत, पण खुर्ची सुरक्षित होते ती कागदावर आकार काढताना.

लाख म्हणजे केरिया लॅका या बारक्या किड्याच्या मादीनं अंगाभोवती घातलेलं राळेचं कवच. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर ते जमतं. रसायनशास्त्राच्या भाषेत हे चक्क पॉलिएस्टर आहे, फक्त किड्यानं बनवलेलं. ते साधारण 65 ते 80 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात मऊ पडून वितळतं आणि गार झालं की पुन्हा कडक होतं. लेथवरची सगळी करामत या आकड्यांवर चालते. 30 मिलिमीटर जाडीचा दांडा मिनिटाला 1,500 फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग कांडीखालून सेकंदाला सुमारे 2.4 मीटर वेगानं सरकतो. तेवढ्या घर्षणानं लाख वितळते. लाकूड उष्णतेचं मंद वाहक असल्यानं ही उष्णता आत पळून जात नाही, वरच्या थरातच राहते. धातूच्या दांड्यावर हाच प्रयोग केला तर बरीचशी उष्णता धातूच शोषून घेईल.

चन्नपट्टणचं लाकूडही या कामाला साजेसं. त्याला तिथं ‘आले मर’ म्हणतात, आपल्याकडे हे झाड काळा कुडा म्हणून ओळखलं जातं. फिकट हस्तिदंती रंग, बारीक पोत, कातायला मऊ. रेषा ठळक नसल्यानं वरचा पिवळा खरोखर पिवळाच दिसतो.

आता मूल काय करतं? चावतं. पाळण्याच्या वरच्या दांडीवर दातांच्या खुणा नसलेलं घर विरळाच. लाख पाण्यात विरघळत नाही, आम्लातही नाही. ती विरघळते अल्कलीत आणि अल्कोहोलमध्ये. याच गुणामुळे जठरात न विरघळता पुढे आतड्यात जाऊन फुटणाऱ्या गोळ्यांवर तिचा लेप देतात. लाळ जवळपास उदासीन असते, तेव्हा चघळल्यानं हा थर सहसा सुटत नाही, आणि एखादी खपली पोटात गेलीच तर लाखेची म्हणून काळजी नको.

काळजी असते ती लाखेत मळलेल्या रंगाची. भडक पिवळा आणि नारिंगी रंग देणाऱ्या जुन्या रंगद्रव्यांपैकी एक लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करतं, आणि त्याची अमुक मात्रा निर्धोक असं आजवर कुणी दाखवलेलं नाही. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाला 2017 पासून 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा आहे. खेळण्यांसाठी बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, प्रमाणपत्राची सक्ती 2021 पासून लागू झाली. त्यातून नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंना सूट आहे. सूट देण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे, चाचणीचा खर्च लहान कारागिराला झेपत नाही. पण रसायनाला सूट कळत नाही. म्हणून डिझायनरनं पहिला प्रश्न विचारायचा तो कांडीत काय मळलंय हा. एटिकोप्पाकात हळद, नीळ, शेंदरीच्या बिया असे वनस्पतिज रंग पुन्हा वापरात आले, ते याच वाटेनं जातात. त्यांचीही एक खोड आहे: हळदीचा पिवळा उन्हात उडतो. हळद आणि नीळ मिसळून केलेला हिरवा खिडकीशी ठेवलात, तर हळूहळू निळसर होत जाणार.

लेथवर काहीही चढवा, ते गोलच उतरतं. कोपरा नाही, धार नाही, डोकं आपटलं तरी टोक रुतत नाही. पालकांना आवडतो तो हाच गोलपणा, आणि घात करतो तोही हाच. घशात अडकायला सर्वांत वाईट आकार गुळगुळीत गोळ्याचा, कारण तो श्वासाची वाट चारी बाजूंनी बंद करतो आणि बोटांनी पकडताही येत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नयेत, असा नियम आहे. चेंडूसारख्या गोळ्यांना तर 44.5 मिलिमीटरच्या भोकातून पडणंही मना आहे. ड्रॉवरची मूठ, पाळण्यावरचा मणी, खुर्चीच्या पाठीवरची शोभेची बोंडी, हे सगळं डिंक सुटल्यावर सुटा गोळाच होतो. मी तर म्हणेन, बोंडी वेगळी चिकटवूच नये. दांड्यासोबत एकसंध कातावी.

पाळण्याच्या गजांमध्ये आणखी एक सापळा असतो. गजांमधल्या फटीतून मुलाचं अंग निसटून डोकं अडकू नये म्हणून युरोपीय मानक ही फट 45 ते 65 मिलिमीटर ठेवायला सांगतं. सरळ दांड्यांचं मोजमाप सोपं. पण कातीव गजाला फुगवटे आणि माना असतात. समजा, गजांच्या मध्यांमध्ये 85 मिलिमीटर अंतर आहे. 30 मिलिमीटर जाडीच्या जागी फट 55 भरते, सगळं ठीक. शेजारीच नक्षीसाठी मान 18 मिलिमीटरपर्यंत उतरवली असेल, तर तिथं फट 67. टेप फुगवट्यावर लावली की हे लक्षातच येत नाही.

त्याच मानेत मजबुतीही जाते. गोल दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. 30 मिलिमीटरचा पाय एका ठिकाणी 20 वर आणलात, तर तिथं उरते जेमतेम तीस टक्के ताकद. खेळण्यात हे चालून जातं. स्टुलावर मात्र मूल बसत नाही, उभं राहतं, तेही कडेवर. म्हणून पाय थोडे बाहेर पसरलेले हवेत, इतके की त्यांची टोकं बैठकीच्या कडेखाली यावीत. पांगुळगाड्यातही हेच गणित: मूल दांडी खाली ओढतं, तेव्हा मागची चाकं दांडीच्या बरोबर खाली किंवा तिच्याही मागे असली की गाडा उलटत नाही. उंचीचं म्हणाल तर 93 ते 116 सेंटिमीटर उंचीच्या मुलाला बैठक 26 सेंटिमीटरवर असावी, पाय जमिनीला टेकतात.

बैठक बनवताना लेथ हात आखडता घेतो. काळा कुडा लहान झाड, रुंद फळी मिळत नाही. मिळाली तरी तबकडी फिरवताना कडेला वेग भरपूर आणि मधोमध शून्य. कडेवर लाख झरझर वितळते, केंद्राशी नुसती घासत राहते. चौकोनी पाट तर सोडूनच द्या. त्यामुळे बैठक दुसऱ्या लाकडाची, तेल पाजलेली, आणि रंग फक्त पायांना, दांड्यांना, मुठींना, ही वाटणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. सपाट भागावर लाखेसारखा दिसणारा ऑइलपेंट फासून जुळवून घेण्यात काही अर्थ नाही.

जोडणीत सुतारांची एक जुनी युक्ती उपयोगी पडते. आडव्या दांडीचं कूस, म्हणजे पायाच्या भोकात बसणारं टोक, चांगलं सुकवायचं आणि पायाचं लाकूड किंचित ओलसर ठेवायचं. पाय नंतर आकसतो आणि कूस आवळून धरतो. कुसावर लाख चढू द्यायची नाही, कारण डिंक लाकडाच्या तंतूंना धरतो, गुळगुळीत राळेला नाही.

घरी आल्यावर सांभाळायचं काय? ओल्या फडक्यानं पुसायचं, लगेच कोरडं करायचं. सॅनिटायझर वापरायचा नाही, त्यातलं अल्कोहोल लाख चिकट करतं. धुण्याच्या सोड्यानं चकाकी जाते. गरम दुधाचा पेला ठेवला तर गोल पांढरा डाग पडू शकतो, आणि भर उन्हातल्या गाडीत थर मऊ होऊन कापडाची वीण त्यावर उमटू शकते. अशी इजा झाली तर लाखेइतकी दुरुस्तीला सोपी चीज नाही, पुन्हा लेथवर चढवा, कांडी टेकवा, पान फिरवा. अट एवढीच की पाय आट्यांचे, काढता येणारे हवेत, आणि दोन्ही टोकांवरच्या लेथच्या मध्यखुणा घासून बुजवलेल्या नसाव्यात.