जोड लावून देणारं अ‍ॅप
(कॉलेज, जिमखाने आणि विद्यार्थी मंडळांसाठी माहितीपत्रक)

आखाड्यात नवा पोरगा आला की वस्ताद त्याचं अंग, वय, दम बघून जोड लावून देत. फार ताकदवान गड्याशी भिडवलं तर पोरगा दुसऱ्या दिवशी येत नाही, फार कच्च्याशी भिडवलं तर शिकत नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या आपल्या बडोद्यात हे वेगळं सांगायला नको. आज बाहेरगावची मुलं सयाजीराव विद्यापीठात शिकायला येतात, फतेहगंजला खोली घेतात, आणि बॅगेतली रॅकेट महिनोन्महिने बॅगेतच राहते, कारण जोड लावून देणारं कोणी नाही. ते काम करणारं अ‍ॅप आम्ही बनवून देतो.

सुरुवात एकाच खेळाने करा

पहिल्या भेटीत बहुतेक जण आठ खेळ, गप्पांचा कट्टा, चालू सामन्याचे गुण, सगळंच मागतात. आम्ही एक खेळ आणि एकच मैदान सुचवतो. दोनशे मुलं आठ खेळांत आणि वेगवेगळ्या वेळांत विखुरली, तर संध्याकाळी साडेपाचला बॅडमिंटनपुढे दोन नावं दिसतात. दोनदा असं रिकामं अ‍ॅप उघडलेला मुलगा तिसऱ्यांदा उघडत नाही.

पडद्यावर एवढंच हवं: ‘आज ६ वाजता. दुहेरी. एक गडी कमी. जास्तीची रॅकेट आहे. शटलचे पैसे वाटून.’ खाली एक बटण, ‘मी येतोय’ किंवा ‘मी येतेय’. रॅकेटचा उल्लेख मुद्दाम आहे. पहिल्या वर्षाचं पोर ते विचारायला लाजतं आणि घरी बसतं.

‘तुमचा खेळ कसा आहे?’ असं विचारलं की जवळजवळ सगळे ‘मध्यम’ लिहितात. म्हणून आम्ही वेगळं विचारतो: आंतरमहाविद्यालयीन खेळलात का? बॅकहँड मागच्या रेषेपर्यंत जातो का? पुढे प्रत्येक सामन्यानंतर गुण बदलतात. हिशेब बुद्धिबळातल्या एलो पद्धतीचा: दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याची जिंकण्याची अपेक्षा साधारण ७६ टक्के. आम्ही जोडी लावताना फरक त्याहून कमी ठेवतो, म्हणजे दोघांनाही घाम येतो.

दुहेरीत एक जण आला नाही की तिघांची संध्याकाळ वाया जाते. म्हणून तासभर आधी अ‍ॅप विचारतं, ‘येताय ना?’ उत्तर आलं नाही तर जागा पुढच्याला मिळते. परीक्षेच्या दिवसांतली गैरहजेरी धरत नाही. त्यासाठी कॉलेजचं वेळापत्रक आधीच भरून घेतो. नवरात्रात नऊ रात्री संध्याकाळच्या सूचना बंद, कारण सगळे गरब्याला. मे महिन्यात सकाळी सहाच्या वेळा सर्वांत वर.

मुलींची सुरक्षितता आणि माहिती

हे मनापासून सांगतो. आमच्या पहिल्या अ‍ॅपमध्ये जोडीदाराचा फोन नंबर दिसायचा. एका मुलीला त्यावर रात्री-अपरात्री मेसेज येऊ लागले. चूक आमची होती. आता नंबर कोणालाच दिसत नाही, बोलणं अ‍ॅपमधूनच होतं आणि खेळ संपला की बंद होतं. ‘फक्त मुलींचे खेळ दाखवा’ ही सोय पहिल्याच पडद्यावर आहे. कोण कुठे आहे हे आम्ही मागतच नाही, मैदानाचं नाव पुरतं.

बारावी करून आलेली बरीच मुलं सतरा वर्षांची असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. प्रवेशाच्या वेळीच तो फॉर्म भरून घ्या, नंतर धावपळ होते.

खर्च आणि वेळ

अ‍ॅप फ्लटर या साधनात बनवतो, म्हणजे अँड्रॉइड आणि आयफोनसाठी दोनदा काम होत नाही. प्ले स्टोअरवर ठेवण्यासाठी लागणाऱ्या गूगलच्या डेव्हलपर खात्याची फी एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलची दर वर्षी ९९ डॉलर; दोन्ही खाती तुमच्याच नावावर राहतील. विद्यार्थ्याने वैयक्तिक नावाने गूगलचं नवं खातं काढलं, तर अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणी करावी लागते. ओटीपीच्या एसएमएससाठी संस्थेची आणि मजकुराची डीएलटी नोंदणी (दूरसंचार कंपन्यांकडे करायची) लागते. ती पहिल्याच आठवड्यात सुरू करा, काम हमखास तिथे अडकतं. भाषा गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी, चारही देतो.

दांडियाबाजारातल्या ऑफिसात सकाळी ११ ते ७ कधीही या. येताना कोर्टांची यादी आणि वेळा आणा, आणि जमलं तर जिमखान्याच्या शिपाईकाकांनाही घेऊन या. चावी त्यांच्याकडे असते आणि दिवे नक्की किती वाजता बंद होतात ते त्यांनाच माहीत असतं.