नंबर का हलला, ते आधी बघा

सत्तरीतल्या आजी एक दिवस चष्मा न लावताच सुईत दोरा ओवतात. पेपरातली बारीक अक्षरंही वाचून दाखवतात. घरात आनंदीआनंद होतो, आजींची नजर परत आली! बहुतेक वेळा ती मोतीबिंदूची चाहूल असते. वयानुसार डोळ्यातल्या भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, तो प्रकाश जास्त वाकवू लागतो आणि नंबर मायनसकडे सरकतो. त्यामुळे जवळचं स्पष्ट दिसतं, पण लांबचं धूसर होतं. हे सुख काही काळापुरतंच असतं, कारण पुढे भिंग गढूळ होत गेलं की कुठल्याच चष्म्याने नीट दिसत नाही.

म्हणून नंबर बदलल्यासारखा वाटला की थेट काचा बदलायला टाकण्याआधी तो का बदलला, हे विचारायला हवं.

मधुमेहात तर हे फारच महत्त्वाचं. रक्तातली साखर खूप वाढली की भिंगातही साखर शिरते, ती पाणी ओढून घेते आणि भिंगाची ताकद बदलते. उपचार सुरू झाले, साखर उतरली, की नंबर पुन्हा हलतो. नेमक्या याच दिवसांत अनेकजण नवा चष्मा करतात आणि महिन्याभरात तो निरुपयोगी ठरतो. साखर स्थिर झाल्यावर महिना-दीड महिना थांबून नंबर काढावा. थांबायचं ते चष्म्यासाठी, डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीसाठी मात्र थांबू नये. ती वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी, दिसायला काही त्रास नसला तरी.

चाळिशीचं गणित साधं आहे. आपल्या भाषेने या चष्म्याला वयाचंच नाव देऊन टाकलं, ते किती अचूक! जवळचं पाहताना डोळ्यातलं भिंग फुगून ताकद वाढवतं. दहाव्या वर्षी ही राखीव ताकद साधारण 12 डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक, चष्म्याचा नंबरही यातच असतो) असते, चाळिशीत 4 ते 5 उरते, साठीला जेमतेम 1. पुस्तक 40 सेंटीमीटरवर धरलं तर अडीच डायॉप्टर लागतात, आणि जवळजवळ निम्मी ताकद शिल्लक राहिली तरच वाचन सुखाचं होतं. चाळिशीच्या आसपास हा हिशोब तुटायला लागतो आणि मोबाइल धरलेला हात लांब जातो. पंचेचाळिशीला एक-सव्वा असलेला जवळचा नंबर साठीपर्यंत अडीचच्या घरात पोचतो आणि मग बहुधा तिथेच थांबतो. त्या काळात दर दोन-तीन वर्षांनी काचा बदलाव्या लागल्या, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूत मात्र सोडून द्यावी.

मुलांचं वेगळं. त्यांचा मायनस नंबर वाढतो तो डोळा लांबट होत गेल्यामुळे, आणि 1 मिलिमीटर लांबी वाढली की जवळपास अडीच ते तीन नंबर वाढतो. मूल तक्रार करत नाही, कारण जग असंच अंधूक असतं असं त्याला वाटतं. फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेणं, डोळे बारीक करणं, टीव्हीच्या जवळ सरकणं, यावर नजर ठेवावी. चष्मा असलेल्या मुलाची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी, नंबर भराभर वाढत असेल तर सहा महिन्यांनी.

घरी करून बघण्यासारखी एक युक्ती आहे. पुठ्ठ्याला मिलिमीटरभर भोक पाडा आणि एक डोळा झाकून, चष्मा लावूनच त्यातून लांबच्या पाटीकडे बघा. भोकातून प्रकाशाचे मोजकेच किरण आत जातात, त्यामुळे धूसरपणा कमी होतो. अक्षरं स्पष्ट झाली तर बहुधा नंबरचाच प्रश्न आहे. तशीच धूसर राहिली तर चष्म्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञाकडे जावं. डोळ्यांसमोर अचानक काजवे चमकले, काळे ठिपके वाढले, पडदा सरकल्यासारखं वाटलं किंवा दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर त्याच दिवशी दाखवावं.

कॉन्टॅक्ट लेन्ससाठी चष्म्याचा कागद तसाच वापरू नये. चष्मा बुबुळापासून साधारण 12 मिलिमीटर पुढे असतो, लेन्स बुबुळावरच बसते, म्हणून मायनस 6 चा चष्मा लेन्समध्ये साधारण साडेपाचवर येतो. शिवाय लेन्सचा गोलवा बुबुळाला जुळतोय का, हेही तपासावं लागतं. तपासणीला जाताना जुना चष्मा बरोबर न्या, आणि चाचणीच्या काचा लावून रोज जितक्या अंतरावर वाचता तितक्याच अंतरावर पेपर धरून बघा.