डाऊनी की भुरी?

डाऊनी आणि भुरी हे द्राक्षाचे दोन वेगळे रोग. पानावर पांढरं दिसलं की बागेत पहिला शब्द निघतो, ‘भुरी आली!’ पुष्कळदा ती डाऊनी निघते, आणि तोवर एक फवारणी वाया गेलेली असते. कारण भुरीवर चालणारं गंधक डाऊनीला काहीच करत नाही.

पान उलटं करून बघा. डाऊनीचा कापूस पानाच्या पाठीवर असतो आणि त्याच जागी वरून तेल सांडल्यासारखा पिवळसर डाग. भुरी पीठ भुरभुरावं तशी बहुतेकदा वरूनच दिसते, बोटाने पुसली जाते. तरी शंका राहिली तर डागाचं पान ओल्या कागदाबरोबर पिशवीत बांधून रात्रभर ठेवा. डाऊनी असेल तर सकाळी खालून ताजा कापूस फुटलेला दिसेल.

डाऊनी खरी बुरशी नाहीच, शेवाळाच्या नात्यातली आहे. तिचे बीजाणू पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहत जाऊन रंध्रांतून आत शिरतात. म्हणून पाऊस, दव, धुकं हे तिचे दिवस. तिच्यावरचं औषध, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, सापडलं तेही गमतीने: फ्रान्समध्ये रस्त्याकडेची द्राक्षं कुणी तोडू नयेत म्हणून त्यांवर मोरचूद-चुना मारत, आणि 1882 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांना नेमक्या त्याच वेली निरोगी दिसल्या.

भुरीला ओलं पान लागत नाही. जोराच्या पावसात तर तिचे बीजाणू धुऊन जातात. ढगाळ कोरडी हवा आणि दाट कॅनॉपीतली, म्हणजे पानांच्या छत्रातली, सावली तिला मानवते.

आपली ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, पाऊस सरला या भरवशावर असते. सटाण्याकडचे अर्ली छाटणीवाले, म्हणजे पाऊस सरण्याआधीच छाटणारे, डाऊनीचा धोका पत्करतातच, पण पाऊस लांबला की निफाड-दिंडोरीचीही तीच गत होते. 2019 मध्ये ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो नाशिक भागात कोसळला, तेव्हा कोवळे घड डाऊनीच्या तावडीत सापडले.

त्यावर उपाय म्हणून आता बागांवर प्लास्टिक येतंय. पान कोरडं राहतं, डाऊनी हटते. पण खाली ऊन गाळून येतं, हवा कोंडते, भुरीचे बीजाणू धुवायला पाऊसही नसतो. आच्छादनाखाली फिरताना म्हणून मी आधी घडात डोकावतो, मण्यांवर राखेचा थर दिसतो का ते बघायला.