नव्या टॅबलेटची पहिली पारख, नागपूरच्या उन्हात

नवा टॅबलेट जाहीर झाला की चर्चा प्रोसेसर, कॅमेरे आणि जाडी यांच्याभोवतीच फिरत राहते. मे 2024 मध्ये ॲपलने आयपॅड प्रोची नवी आवृत्ती जाहीर केली, तेव्हाही 13 इंची पडद्याचे हे उपकरण अवघे 5.1 मिलिमीटर जाडीचे आहे, हीच गोष्ट ठळकपणे सांगितली गेली. इतक्या कमी जागेत सारे बसवणे हे अभियांत्रिकीचे मोठेच यश आहे. परंतु अशी उपकरणे दाखवली जातात ती वातानुकूलित, मंद प्रकाशाच्या दालनांत. आणि मे महिन्यात ज्या नागपुरात पारा 42–43 अंशांच्या घरात असतो, तेथील विद्यार्थी तेच उपकरण कूलरसमोर, गच्चीच्या जिन्यात किंवा बसथांब्यावर वापरणार असतो. त्यामुळे आपल्याकडच्या ग्राहकाने तपशिलाच्या पानावर आधी पडद्याचे परावर्तन आणि उपकरण किती तापमानापर्यंत चालते, हे दोन आकडे शोधावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पडद्याच्या तेजस्वितेचे माप ‘निट’ या एककात देतात; एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला, म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीच्या प्रकाशाची तीव्रता. साध्या टॅबलेटचा पडदा बहुधा 400 ते 500 निटचा असतो. वर उल्लेखलेल्या आयपॅड प्रोमध्ये ओलेडचे, म्हणजे वीज मिळताच स्वतः उजळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे, दोन थर एकावर एक रचले आहेत. दोन्ही थरांचा प्रकाश एकत्र मिळत असल्याने प्रत्येक थरातून कमी विद्युतप्रवाह सोडून भागते, थरांची झीज मंदावते आणि संपूर्ण पडदा 1,000 निटपर्यंत उजळता येतो. त्याच पानावर 1,600 निट असाही आकडा दिसतो. तो विशिष्ट प्रकारच्या चित्रफितींतील झगमगत्या भागांपुरता असतो, पुस्तक वाचताना त्याचा उपयोग नाही.

आता हा पडदा उन्हात नेऊ. भर दुपारच्या निरभ्र आकाशाखाली सुमारे एक लाख लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) प्रकाश जमिनीवर पडतो, तर घरातल्या खोलीत तो काही शे लक्स असतो. आपण अंगणात सावलीला बसलो आहोत आणि पाठीमागे चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत उन्हात तळपते आहे, असे धरू. तिच्यावर 80,000 लक्स प्रकाश पडत असेल आणि त्यातला 80 टक्के ती परत फेकत असेल, तर तिची तेजस्विता सुमारे 20,000 निट भरते. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, 1.5 असतो आणि अशी काच समोरून येणाऱ्या प्रकाशाचा 4 टक्के भाग परावर्तित करते. म्हणजे त्या भिंतीचे 800 निटचे प्रतिबिंब आपल्या वाचनावर पसरते. पडदा 500 निटचा असेल तर पांढरा भाग 1,300 आणि काळी अक्षरे 800 निटची दिसतात. दोहोंतले गुणोत्तर जेमतेम 1.6 उरते, आणि अक्षरे फिकी पडतात.

यावर दोन उपाय संभवतात. पडद्याची तेजस्विता दुप्पट, म्हणजे 1,000 निट केली, तर गुणोत्तर 1,800 भागिले 800, म्हणजे 2.25 होते. तेजस्विता 500 निटच ठेवून परावर्तन 4 वरून 2 टक्क्यांवर आणले, तर ते 900 भागिले 400, म्हणजे पुन्हा 2.25 च होते. लाभ तंतोतंत सारखा. फरक एवढाच की पहिल्या उपायाची किंमत बॅटरी आणि उष्णता यांच्या रूपाने प्रत्येक मिनिटाला मोजावी लागते, तर दुसऱ्याला वीज मुळीच लागत नाही. असे असूनही जाहिरातीत निट मोठ्या अक्षरांत झळकतात आणि परावर्तनाचा आकडा अनेकदा छापलाच जात नाही.

परावर्तन कमी करण्यासाठी काचेवर अत्यंत पातळ लेप देतात. 1.38 अपवर्तनांकाच्या मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम 100 नॅनोमीटर जाडीचा थर दिला, तर लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या हिरव्या प्रकाशलहरी एकमेकींना बऱ्याच अंशी नाहीशा करतात. काच आणि पडदा यांमधली हवेची फट हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. ती असेल तर एकाऐवजी तीन पृष्ठभाग प्रकाश परतवतात आणि परावर्तन 12 टक्क्यांच्या आसपास जाते. स्वस्त टॅबलेटमध्ये ही फट आजही आढळते. 2011 साली विद्यार्थ्यांसाठी आलेल्या पहिल्या ‘आकाश’ टॅबलेटचा पडदा दाबावर चालणारा होता, म्हणजे वर आणखी एक पापुद्रा आणि त्याखाली पुन्हा फट. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानात याची परीक्षा सहज घेता येते: पडदा बंद करून त्यात वरच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते मंद आणि किंचित जांभळट किंवा हिरवट दिसले तर लेप आहे. पांढरेशुभ्र आणि दुहेरी दिसले तर बहुधा फट आहे.

उष्णतेचे गणित याहून कठोर आहे. टॅबलेटमध्ये पंखा नसतो. आतली उष्णता पाठीच्या आवरणातून हवेत जाते, आणि ती किती वेगाने जाईल हे आवरण व हवा यांच्या तापमानांतील फरकावर ठरते. 44 अंशांच्या पृष्ठभागाला त्वचा दीर्घकाळ टेकून राहिली तर भाजू शकते, म्हणून आवरणाचे तापमान त्याच सुमारास रोखावे लागते. 23 अंशांच्या खोलीत त्यामुळे 21 अंशांचा फरक मिळतो, 41 अंशांच्या खोलीत केवळ 3 अंशांचा. उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सुमारे एक सप्तमांश होते, आणि जाहिरातीतला वेगवान प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, पडदाही आपोआप मंद होतो. थेट उन्हात तर 13 इंची टॅबलेटवर सुमारे 60 वॅट सौरऊर्जा पडते; काळा पडदा तिचा बहुतांश भाग शोषून घेतो. म्हणजे उजळ पडद्याची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी तो उजळ ठेवता येत नाही.

लिथियम-आयन बॅटरीवरचा परिणाम लगेच दिसत नाही, पण तो कायमचा असतो. तापमान दर 10 अंशांनी वाढले की तिच्यातील अनिष्ट रासायनिक अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही झीज आणखी वाढते. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करावे, 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी, आणि उन्हात उभ्या गाडीत टॅबलेट कधीही ठेवू नये. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापराची कमाल मर्यादा 35 अंश आणि नुसते ठेवण्याची 45 अंश देते. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती, आणि ती सावलीतली होती.