धनू राशीतली गर्दी

मे महिन्यातल्या अंधाऱ्या रात्री गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे ताऱ्यांचे दाट गोळे, बघणाऱ्यांच्या. अमावस्या महिन्याच्या मध्याला आली तर साडेदहाच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा हा गुच्छ दक्षिणेला येतो, पुण्याहून जेमतेम २४ अंश उंच. मग ज्येष्ठेला खेटून असलेला एम ४ (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक) आणि पहाटेकडे धनूतला एम २२. जूननंतर ढग, म्हणून झोपेवर आधीच पाणी सोडायचं. हे गुच्छ धनूकडेच इतके दाटीने का, याचं उत्तर मिळायला मात्र अडीचशे वर्षं लागली.

टॉलेमीने ओमेगाची नोंद तारा म्हणूनच केली होती. तो धुरकट आहे हे १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून हॅलीने टिपलं. त्याआधी १६६५ मध्ये ईले या निरीक्षकाला एम २२ सापडला होता. ती यादी करणाऱ्या शार्ल मेसिएला हवे होते धूमकेतू. असे ठिपके म्हणजे नुसती फसगत. शौरीतल्या एम १३ पुढे १७६४ मध्ये त्याने ‘तारा नसलेला तेजोमेघ’ असं लिहून ठेवलं. गंमत म्हणजे एम ४ मधले तारे त्याला सुटे दिसले होते! बाकीचे बरेचसे गुच्छ विल्यम हर्शेलच्या दुर्बिणींतल्या मोठ्या आरशांनी सुट्या ताऱ्यांत फोडले. ‘गोलाकार गुच्छ’ हे नावही त्याचंच, १७८९ मधलं.

खरी उलथापालथ छायाचित्रांनी केली. पेरूतल्या अरेकिपा इथे हार्वर्डच्या वेधशाळेत सोलन बेली काचपट्ट्यांवर गुच्छांची छायाचित्रं घेई. वेगवेगळ्या वेळच्या पट्ट्या ताडून बघताना काही ठिपके लहानमोठे होताना दिसत. ते चलतारे होते, बरेचसे अर्ध्याएक दिवसात तेज बदलणारे. एकट्या ओमेगात शंभरावर निघाले.

हार्लो शॅप्लीने माउंट विल्सनच्या ६० इंची दुर्बिणीने हाच धागा पुढे नेला. चलताऱ्यांच्या तेजावरून अंतरं काढली आणि १९१८ मध्ये सांगितलं, की गुच्छांची ही गर्दी धनूच्या दिशेला असलेल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती आहे, आणि सूर्य त्या केंद्रापासून बराच दूर, कडेला. त्याने अंतर धरलं सुमारे ६५,००० प्रकाशवर्षं. आज आपण २६,००० मानतो. चूक बरीचशी धुळीची: वाटेतली धूळ तारे मंद करते, हे खगोलशास्त्रज्ञ ट्रम्पलरने १९३० मध्ये दाखवलं.

तीच धूळ आता हौशी छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यात उतरते. एम १३ पांढराशुभ्र येतो, तर ज्येष्ठेजवळच्या धुळीच्या ढगांआडून दिसणारा एम ४ मातकट पिवळा. तो रंग ‘दुरुस्त’ करू नये.